ओढ्यापलीकडचं निरंक

भुईमुगाचं रान अळ्या खात असल्या की त्याचा आवाज येतो, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. तो आवाज पहिल्यांदा कानावर पडला, त्याच्या आधी लागोपाठ तीन आठवडे मी सरकारी कार्डावर सही करून लिहून दिलं होतं की या रानात कीड नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. माझे वडील तुळजापुरात शाळामास्तर होते. आजोबा देवळाच्या वाटेवर बसून यात्रेकरूंच्या पत्रिका पाहायचे. आमच्या घरात शेत कुणाच्याच नावावर नव्हतं. भुईमूग आमच्याकडं एकादशीला यायचा, तोही सोललेला. मॅट्रिक झाल्यावर शेती खात्यात माणसं घेतायत असं कळलं, म्हणून वर्षभराचं शिक्षण घेतलं आणि खात्यात चिकटलो. नेमणूक मिळाली कळंब तालुक्यात, येरमाळ्याच्या पलीकडं, बालाघाटाच्या डोंगरकडेला.

काम असं होतं : पेरणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला ठरवून दिलेल्या भुईमुगाच्या रानांत जायचं. एकेका रानात पाच ठिकाणी बसायचं, प्रत्येक ठिकाणी दहा झाडं उलटीपालटी करून बघायची, आणि त्यांच्यावर मावा किती, तुडतुडे किती, अळ्या किती ते छापील कार्डावर लिहून सोमवारी तालुक्याला धाडायचं. कीटकनाशक पावडरीची पोती कुठल्या गावाला पाठवायची, ते त्या कार्डांवरून ठरायचं. जिथं काहीच नसेल तिथं रकान्यात एकच शब्द लिहायचा. निरंक.

माझ्या वाट्याला आलेल्या गावात चावडीला लागून एक खोली होती, तिथं माझा मुक्काम. लोक मला 'अळ्या मोजणारे साहेब' म्हणायचे. निजामाच्या अमलात म्हातारी झालेली माणसं हातात वही दिसली की कुणालाही गिरदावर, म्हणजे महसुलाचा पाहणी अंमलदार, म्हणत, तसं मलाही म्हणत. एकजण रोज विचारायचा, "साहेब, मोजून काय हुतंय? हजरी घ्यायलात का अळ्यांची?" मी हसण्यावारी न्यायचो. पहिला महिना मी काम चोख केलं, हे खरं सांगतो. विजारीचे गुडघे चिखलानं भरायचे आणि त्याचा मला अभिमान वाटायचा.

माझ्या यादीत सात रानं होती. सहा गावाला लागून. सातवं ओढ्यापलीकडं. ओढ्याच्या अलीकडं सगळ्या गावाची चांगली काळी जमीन, आणि पलीकडं फक्त चार एकर मुरमाड तुकडा. त्याच्या वरच्या अंगाला गायरान, ते थेट डोंगराला भिडलेलं. तो चार एकराचा तुकडा एका बाईचा होता. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून ती माहेरी परत आली होती. गावची लेक म्हणून सगळेच तिला आक्का म्हणायचे. मीही म्हणू लागलो. वय पस्तिशीचं असेल. भावानं, कुणालाच नको असलेलं ते रान तिला कसायला दिलं होतं. कागदावर नाही, तोंडी. तिनं दोन वर्षं दगड वेचले, बांध घातले आणि भुईमूग लावला. पावसाळाभर ती तिथंच खोपट घालून राहायची.

आषाढात पाऊस लागला आणि ओढा भरला. पहिल्या दिवशी गुडघाभर, तिसऱ्या दिवशी कमरेच्या वर. सातव्या रानाकडं जायचं तर सडकेच्या पुलावरून वळसा होता, जाऊन-येऊन चार कोसांचा. मी मनाशी म्हटलं, अलीकडच्या सहा रानांत केसाळ अळी एकही नाही, मग पलीकडं कुठून असणार? सातव्या रानापुढच्या रकान्यात निरंक लिहिलं. लिहिताना हात थोडा अडला. पण थोडाच.

त्याच आठवड्यात आक्का चावडीवर आली. तोच वळसा घालून, भिजत. तिनं पदराखालून पत्र्याचा एक डबा काढला आणि माझ्यापुढं उघडला. आत पांढरी पाखरं होती. काही मेलेली, काही फडफडणारी. पंखांच्या कडेला तांबडी रेघ.

"साहेब, हे बघा. पावसापासून सांजंला दिवा लावला की खोपटाची भिंत ह्यांनी भरून जायलीय. जणू धवळ्या लुगड्याचा तांबडा काठ."

"पाखरं पीक खात नाहीत, आक्का," मी म्हणालो.

"ती न्हाय खात. त्यांची पोरं खात्यात."

मी तिला समजावलं. आमच्या मोजणीत झाडावरची अळी धरतात, पाखरू धरत नाहीत. कार्डावर पाखराचा रकानाच नाही. मी कार्ड काढून तिला दाखवलंसुद्धा. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डब्याचं झाकण लावलं.

"बरं," म्हणाली. "रकाना न्हाय तर न्हाय." आणि पुन्हा दोन कोस चालत गेली.

पुढच्या आठवड्यात मी ओढ्याच्या काठापर्यंत गेलो. पाणी लाल, गढूळ, जोरात चाललेलं. पलीकडं तिचं रान हिरवंगार दिसत होतं. आक्का पलीकडच्या काठावर आली. हातात पानांची एक डहाळी होती, ती उंच धरून हलवत काहीतरी ओरडली. पाण्याच्या आवाजात एक शब्द कळला नाही. मला वाटलं, रामराम करतेय. मीही हात हलवला आणि परत फिरलो. निरंक.

तिसऱ्या आठवड्याचं कार्ड मी खोलीत बसून भरलं. ओढ्यावर गेलोही नाही. खरं बोलायचं तर त्या आठवड्याला बाकीच्या सहा रानांतल्या दोन ठिकाणचे आकडेही मागच्या आठवड्यावरून उचलले होते.

श्रावण लागला आणि पावसानं उघडीप दिली. आठ दिवसांत ओढा घोट्याइतका झाला. तालुक्याहून निरोप आला की पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः येऊन सातही रानं बघणार. म्हणून, आणि केवळ म्हणूनच, मी एका सकाळी ओढा ओलांडला.

चढावर आलो आणि तो आवाज ऐकला. वाळल्या पानांवर बारीक झिमझिम पडावी तसा. मी मान वर करून आभाळ बघितलं. आभाळ निरभ्र होतं. ऊन पडलं होतं. पाऊस नाही, वारा नाही, आणि चारी बाजूंनी झिमझिम चालू. मी तसाच उभा राहिलो. हा आवाज कशाचा, हे कळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मग खाली बघितलं.

माझ्या पायांपुढं बांध हलत होता. माती हलत नव्हती, मातीवरचं सगळं हलत होतं. बोटाएवढ्या, तांबूस केसांच्या अळ्या, एकीवर एक, सगळ्या एकाच दिशेनं, उताराकडं. त्यांच्या मागं, डोंगराच्या बाजूला, भुईमुगाच्या काड्या उभ्या होत्या. पान एक नाही. देठ आणि काड्या, बस्स. पुढं अर्धं रान अजून हिरवं होतं, पिवळ्या फुलांवर आलेलं. हिरवं आणि उघडं यांच्यामधली रेघ इतकी सरळ होती की कुणी दोरी धरून आखली असावी. ती रेघ माझ्या डोळ्यांदेखत सरकत होती.

मी दोन पावलं मागं सरलो. 

आक्का त्या रेघेवर बसली होती. दोन्ही हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी रॉकेल टाकलेल्या पाण्याचा डबा. झाडावरून अळ्या ओरबाडायची, डब्यात टाकायची, पुढच्या झाडावर जायची. तिनं जितकी झाडं साफ केली होती, त्यांच्यावर मागून पुन्हा अळ्या चढत होत्या. तिनं मला बघितलं.

"आलात का साहेब," ती म्हणाली. "या. मोजा."

त्यात टोमणा नव्हता. मी मोजायला आलोय, हेच तिला वाटलं. मी यंत्रासारखा खाली बसलो. पहिल्या झाडावर बावीस मोजल्या. दुसरं झाड मोजायला घेतलं तर पहिल्यावरच्याच अळ्या त्याच्यावर येत होत्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मनगटाला आग सुटली. बघतो तर कातडीवर गांधी उठल्या होत्या, केस टोचून. मी वही खाली ठेवली. वहीवर अळ्या चढल्या.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पंधरा दिस व्हऊन गेलं. आधी बारीक हुत्या. पानाखाली जाळ्यावानी चिकटलेल्या, एकेका पानावर शंभर शंभर. तवा ती पानंच तोडून जाळली असती चार-सा माणसांनी, तर आटपलं असतं. म्या एकटीनं किती तोडू? वर गायरानातनं यायच्या थांबंनात."

"मग मला सांगायचं नाही का!"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. आजही ते आठवलं की बसल्या जागी अंग आक्रसतं.

आक्कानं हातातलं झाड सोडलं. "दोनदा सांगितलं की," ती म्हणाली. "एकदा डबा घिऊन आले. दुसऱ्यांदा वढ्यावर पान दावलं तुमाला. तुमी हात हालवला. मला वाटलं, कळलं साहेबाला. आता माणसं धाडतील."

मी पळत सुटलो. ओढा, गाव, तिथून येरमाळ्यापर्यंत पळत-चालत, आणि मिळेल त्या गाडीनं कळंब. शेती अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो तेव्हा शर्टावर दोन अळ्या तशाच होत्या. कारकुनानं त्या कागदानं झटकल्या.

मी सगळं सांगितलं. म्हणालो, पावडर पाहिजे, आजच पाहिजे, निदान दहा पोती. साहेबांनी कारकुनाला माझ्या गावची कार्डं आणायला सांगितलं. त्यांनी तीन कार्डं माझ्यापुढं ओळीनं मांडली. तिन्हींवर माझी सही. तिन्हींच्या सातव्या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात तो शब्द.

"तुमच्या वाट्याची पावडर परवा भूमकडच्या गावांना पाठवली," ते म्हणाले. "तिथून कीड असल्याचं कार्ड आलं होतं. तुमच्याकडं तर काही नव्हतं."

मी म्हणालो, "साहेब, मी त्या रानात गेलोच नव्हतो."

मला वाटलं, आता ते ओरडतील, नोकरी जाईल. ते ओरडले नाहीत. त्यांनी खण उघडला. आत सगळ्या तालुक्याची कार्डं गठ्ठे बांधून ठेवलेली होती. त्यांतला एक गठ्ठा काढून माझ्यापुढं धरला. एकाच शाईनं, एकाच बैठकीत लिहिलेली पाच-पाच आठवड्यांची कार्डं मला ओळखू आली. माझ्यासारखीच.

"यातली खरी किती, मला माहीत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तरी पोती यांच्यावरच पाठवतो. दुसरं काय आहे माझ्याकडं?"

मला वाटायचं की चूक माझी एकट्याची आहे, आणि माझ्यावर एक शहाणं, सगळं जाणणारं खातं आहे. त्या खणात बघितल्यावर पायाखालची जमीन सरकली. साहेब म्हणाले, गोदामात दोन फुटकी पोती आहेत, झाडून मिळेल तेवढी पावडर न्या. नवीन माल चार दिवसांनी येईल. तोवर गावाला चर खणायला लावा. वीतभर रुंद, हातभर खोल, कड उभी तासलेली. अळ्या त्यात पडल्या की वर चढत नाहीत. वरून पावडर आणि माती टाका. निघताना हळूच म्हणाले, "या आठवड्याचं कार्ड नीट भरा. मागची तीन राहू द्या तशीच."

अर्धं पोतं पावडर घेऊन मी संध्याकाळी गावात पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलांनी दवंडी देऊन चावडीपुढं माणसं गोळा केली. तोवर गावात कळलं होतं. काहीजण पहाटेच ओढ्यापलीकडं जाऊन बघून आले होते आणि त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. ओढ्याला पाणी घोटाभर, तेही मधल्या धारेला. अळ्या एकदा ओढ्यात उतरल्या की दगडांवरून अलीकडं यायला त्यांना वेळ लागणार नव्हता. अलीकडं सगळ्या गावाचा भुईमूग फुलावर होता.

पाटील साठीचे, बोलायला सावकाश. त्यांनी मला विचारलं, "साहेब, तुमी दर आठवड्याला मोजत हुता. मग तुमच्या कागदात काय लिवलंय? वाचून दावा सगळ्यास्नी."

माझ्या वहीत कार्डांच्या नकला होत्या. मी वही उघडली. समोर शंभर-दीडशे माणसं. बायका मागं, चावडीच्या भिंतीला टेकून. आक्का त्यांच्यात होती. मी पहिल्या आठवड्याचं वाचलं. दुसऱ्याचं वाचलं. तिसऱ्याचंही वाचलं.

"निरंक म्हंजी?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हणजे काही नाही," मी म्हणालो. "मी तिथं न जाताच लिहिलं होतं."

मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या चालल्या असत्या. पण रोज हजरीची थट्टा करणारा माणूस जमिनीकडं बघत राहिला. मग पाटलांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि कामाचं बोलणं सुरू केलं, जणू मी तिथं नव्हतोच.

चर कुठं खणायचा, हा प्रश्न होता. दोन जागा होत्या. एक आक्काच्या रानाच्या मधोमध, जिथं हिरवं आणि खाल्लेलं यांची रेघ होती तिच्या थोडं पुढं. तिथं खणला असता तर तिचं अर्धं रान वाचलं असतं. पण तिथं मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. दुसरी जागा तिच्या रानाच्या खाली, ओढ्याच्या काठावर. तिथं गाळाची मऊ माती, दिवसभरात काम झालं असतं. पण मग आक्काचं सगळं रान चराच्या पलीकडं, अळ्यांच्या बाजूला राहत होतं.

"वढ्याकाठानं घ्या," पाटील म्हणाले.

माना हलल्या. आक्काच्या भावानंही मान हलवली. त्याचं स्वतःचं आठ एकर ओढ्याच्या अलीकडं होतं.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "अहो, आक्कांचं निम्मं रान अजून हिरवं आहे! फुलं आहेत त्याच्यावर!"

पाटील माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही.

"साहेब, तुमच्या कागदात त्या रानात कायच न्हाय की."

  त्यांचं म्हणणं क्रूर होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी वही मिटली.

मग गर्दी दुभंगली. आक्का पुढं आली. मला वाटलं, आता ही रडेल, भावाच्या अंगावर जाईल, माझ्या अंगावर येईल. तिनं भिंतीला टेकवलेलं एक खोरं उचललं, खांद्यावर टाकलं आणि पाटलांना म्हणाली, "चला की मग. ऊन चढायलंय."

आणि ती सगळ्यांच्या पुढं चालू लागली.

दिवसभर चर खणला. बाप्ये खणत होते, बाया पाट्यांनी माती ओढत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा खोरं हातात धरलं आणि दुपारपर्यंत तळहात फुटले. आक्का माझ्यापासून पाच-सहा हातांवर होती. तिचं रान पाठीमागं वर होतं आणि ती एकदाही मागं वळून बघत नव्हती. मला बघवत नव्हतं तरी मी बघत होतो. सकाळी जिथं फुलं दिसत होती तिथं दुपारी काड्या होत्या. खोरी, पहारी आणि माणसांचा गलका क्षणभर थांबला, म्हणजे कुणी पाणी प्यायला बसलं, की वरून तीच झिमझिम ऐकू यायची. एक म्हातारी कानावर हात ठेवून बसली.

एकदा मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "आक्का, माझं चुकलं."

"तेवढी पाटी सरकवा," ती म्हणाली.

संध्याकाळी पहिल्या अळ्या चराच्या कडेला आल्या. थांबल्या नाहीत. मागच्यांनी रेटल्या आणि त्या पडल्या. मग पडतच राहिल्या. उभी कड चढायला जायच्या आणि मातीसकट परत खाली यायच्या. अर्ध्या तासात चराचा तळ दिसेना. ती पावडर आम्ही फडक्याच्या पुरचुंडीत बांधून काठीनं झटकत चरावर टाकली. तोंडाला काही नाही, हाताला काही नाही. त्याच हातांनी भाकरी खाल्ली. आपण काय हाताळतोय, हे मला शिकवलेलं होतं. गावातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. त्या दिवशी ते सुचलंसुद्धा नाही. नंतर दोन माणसांना उलट्या झाल्या, दोन दिवसांनी बरी झाली. हाही धक्का मला उशिरानंच बसला, पण बसला तो कायमचा.

अळ्या तीन दिवस पडत राहिल्या. चौथ्या दिवशी पावडरीची पोती आली तेव्हा त्यांचं काम राहिलं नव्हतं. अलीकडचा भुईमूग वाचला. थोड्याफार अळ्या निसटून आल्या होत्या, त्या लोकांनी वेचल्या. पलीकडं चार एकरांत हिरवं काही उरलं नाही. बांधावरचं गवत गेलं, आक्कानं खोपटावर चढवलेला दोडक्याचा वेलही गेला.

पंधरवड्यानं पटवारी पंचनाम्याला आला. त्यानं माझी कार्डं मागवून घेतली होती. त्याप्रमाणं ओढ्यापलीकडं किडीचा मागमूस नव्हता, म्हणजे नुकसान बाईच्या हयगयीनं झालं, असं त्यानं लिहायला घेतलं. मी त्याला थांबवलं आणि लेखी जबाब दिला, की मी तीन आठवडे त्या रानात पाय ठेवला नाही, कार्डं खोटी आहेत, बाईंनी दोनदा सांगितलं होतं. साहेबांनी तो जबाब मागे घेण्याविषयी दोनदा सुचवलं. मी घेतला नाही. माझ्याकडून त्या सगळ्या प्रकरणात झालेली एवढीच एक धड गोष्ट.

त्यानं झालं काय? मला ताकीद मिळाली आणि शिक्षा म्हणून बदली झाली. बदलीचं गाव जळकोट. तुळजापूर तालुका, घरापासून मोटारीनं तासाभराची वाट. आई म्हणाली, देवी पावली. घरात पेढे वाटले. मी कुणाला काही सांगितलं नाही.

आणि आक्काचं रान भावानं काढून घेतलं. ते मला जायच्या आदल्या दिवशी चावडीवर कळलं. भाऊ लोकांना सांगत होता, बाईमाणसाला रान सांभाळता आलं न्हाय, अळ्या पाळल्या तिनं आणि गाव घालवायला निघाली हुती. माझा जबाब तालुक्याच्या दप्तरात होता. गावात तो कुणी वाचणार नव्हतं. मी त्याच्या घरी गेलो, त्याला सांगितलं, चूक माझी होती. त्यानं मला चहा दिला. म्हणाला, "साहेब, ते तुमच्या कागदाचं तुमी बघा. रान आमच्या घरचं हाय." आक्का आत होती. ती बाहेर आली नाही.

निघताना मी एकटा ओढा ओलांडून गेलो. भावाचा नांगर चालू होता. नांगराच्या तासातून मातीबरोबर तांबूस कोष वर येत होते, बांधाच्या कडेला तर मुठी-मुठीनं. त्या प्रत्येकातून पुढच्या पावसाला एक पाखरू निघणार होतं. मी नांगर धरणाऱ्याला सांगितलं, हे वेचून जाळा. त्यानं बैल थांबवले नाहीत. मग मीच वेचायला बसलो. टोपी भरली, रुमाल भरला. ऊन उतरेपर्यंत वेचत होतो आणि एक बांधही पुरा झाला नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी खात्याच्या कामानं मी येरमाळ्याला गेलो. मधल्या काळात मी पुष्कळ रानं मोजली होती आणि गेल्याशिवाय एकाही रानाचं कार्ड भरलं नव्हतं. तिथून मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावात गेलो. भुईमुगाची खुरपणी चालली होती. पाटील वारले होते. एका मोठ्या रानात मजुरीनं बसलेल्या बायांच्या ओळीत मला आक्का दिसली. केस पांढरे झाले होते. मी बांधावरून उतरून तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मी सात-आठ वर्षं मनात जुळवून ठेवलं होतं.

"आक्का, ओळखलंत का?"

तिनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी म्हणालो, मी तो अळ्या मोजणारा, चर खणला होता त्या वर्षीचा, निरंक लिहिलं होतं तो.

"व्हय का," ती म्हणाली. तिला चर आठवत होता. अळ्या आठवत होत्या. मी आठवत नव्हतो. "लई साहेब आलं-गेलं बाबा. कोण कोण ध्येनात ऱ्हाणार?"

 तिनं शेजारणीकडं बघून थोडं हसल्यासारखं केलं आणि खुरप्याचा दांडा माझ्या बुटाला लावला.

"जरा सरा. येलावर पाय हाय तुमचा."